खुर्चीखालची गाठ

ता. ३ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. अक्षर अजूनही कोंबडीने शाईत पाय बुडवून कागदावरून चालत जावं तसंच आहे. बोटांना चिरा पडल्यात म्हणून अक्षर बिघडलं, हे कारण मी ऐकून घेणार नाही. भांड्यांच्या साबणाने चिरा पडत असतील तर साबण बदल. ग्रंथालयातली तुझी नोकरी दुपारी बाराला संपते, पुढे संध्याकाळपर्यंत तू लोळतेस. एवढ्या वेळात माणसाने हाताला तेल लावावं.

पत्रास कारण की, माझी मैत्रीण नकाशाबाई मला पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी दिवसभर भटकायला नेणार आहे. तिला तू एकदा पाहिलंयस. जन्मभर शाळेत भूगोल शिकवला आणि आता स्वयंपाकघरातून ओसरीवर जायचं तरी आधी नकाशा उलगडते. नदीकाठी ते जुनं गाव आहे ना, दगडी पुलाचं, तिथे म्हणे जुन्या वस्तूंची अख्खी गल्ली आहे. तिच्या भाच्याने घर घेतलंय, त्याला तिथलंच काहीतरी भारदस्त द्यायचंय. मला फक्त बुटाच्या नाड्या हव्यात. बाकी मी नुसती बघणार. तीस वर्षं कापडगिरणीत तपासनीस होते, नव्या मालातली खोट दिसते तशी जुन्यातलीही दिसते.

बाबांची खुर्ची कशी आहे? उन्हात ठेवू नकोस, ओल्या भिंतीला टेकवू नकोस, आणि तिच्यावर चढून जळमटं काढू नकोस. बाबांचं वेतकामाचं दुकान बंद केलं तेव्हा टोच्या, खुंट्या, वेताच्या गुंडाळ्या सगळं भंगारात द्यायला मीच सांगितलं, आणि नऊ वर्षांनीही मला त्याचं वाईट वाटत नाही. खुर्च्या विणायचा माझा हात लग्नानंतर सुटला आणि तुझा कधी बसलाच नाही. बाबांनी शेवटची गाठ तुला एकदाही बांधू दिली नाही, यातच काय ते आलं. खुर्ची तेवढी तुझ्या भरवशावर ठेवलीय, हे विसरू नकोस.

माया आहे तेवढी पुरे, वाढवायची गरज नाही.

तुझी
ताई

•

ता. ९ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

साबण बदलला. अक्षर बदलणार नाही, त्याला तूच जबाबदार आहेस. लहानपणी माझ्या पाटीवर खडूने फुल्या मारून मारून तू त्याचा आत्मविश्वास घालवलास. गिरणीत तुमची पद्धतच होती ना, खोट असेल तर लाल फुली आणि कापड चांगलं असेल तर त्यावर काहीच लिहायचं नाही. घरीही तू तेच चालवलंस. माझ्या वाट्याला आजवर फुल्याच आल्या.

बरं, त्या नदीकाठच्या गावाला खरंच जाणार आहेस का? मी ऐकलंय की तिथे शनिवारी पाय ठेवायला जागा नसते, पूल चढून तुझे गुडघे बोलायला लागतील आणि दुकानं सगळी टाकाऊ आहेत. त्यापेक्षा तळ्याच्या बाजूला जा. तिथे बाकं आहेत, सावली आहे आणि नाड्याही मिळतात. नकाशाबाईंना माझं नाव सांगून समजाव. गेलीसच तर पुलाच्या अलीकडेच फिर. पलीकडच्या गल्लीत काही नाही.

बाबांची खुर्ची ठणठणीत आहे. मी तिच्यावर चढत नाही, बसते.

रागावलीस तरी पत्र टाकत जा.

तुझी
धाकटी

•

ता. १७ फेब्रुवारी

धाकटीस,

आशीर्वाद लिहायला हात होत नाही. का ते शेवटी सांगते. आधी सगळं क्रमाने लिहिते, म्हणजे मी डोकं फिरवून घेऊन लिहिलं असं तुला म्हणता येणार नाही.

तुझं पत्र शनिवारी सकाळी निघतानाच मिळालं. पूल ओलांडू नको म्हणालीस म्हणून मी मुद्दाम ओलांडला. गावाची काय ती मिजास! प्रत्येक घरावर पाटी. एका घरात कुणी सेनापती म्हणे सर्दीने दोन दिवस झोपून होता, त्याचीही पाटी. त्या हिशेबाने माझ्या घरावर पाट्या लावायला भिंत पुरणार नाही. पूल सात पुरांतून वाचला असं कमानीवर कोरलंय आणि बोटाने खरवडलं तर निम्मा पूल सिमेंटचा. लोक मात्र त्या सिमेंटला हात लावून डोळे मिटून उभे होते.

दुकानांचं तर विचारूच नकोस. नदीच्या गाळाचा साबण विकतात. आजवर गाळ धुवायला साबण लागतो असं समजत होते, आता गाळानेच धुवायचं. लाकडी बदकं इतकी, की खऱ्या बदकांनी नदी सोडून दिली असेल. नकाशाबाईने भाच्यासाठी पितळी होकायंत्र घेतलं. त्याची सुई कुठेही उभं राहिलं तरी दुकानदाराच्या गल्ल्याकडेच वळते. मी तसं बोलून दाखवलं तर ती म्हणाली की भेटवस्तूने दिशा दाखवायची नसते, प्रेम दाखवायचं असतं. जन्मभर भूगोल शिकवलेल्या बाईचं हे बोलणं. नाड्या शंभर दुकानांत कुठे मिळाल्या नाहीत. एकाने मला रेशमी फीत दाखवली आणि ही एका उमरावाच्या बुटातली आहे म्हणून सांगितलं. मी त्याला विचारलं की उमराव एकाच पायाने चालायचा का.

मग ते शेवटचं दुकान. मालक मखमली कोटातला, चष्मा साखळीला टांगलेला, आणि बोलणं असं, की दुकानात नव्हे तर दरबारात उभा आहे. मधोमध दोरी बांधून एक खुर्ची ठेवली होती. गोल पाठीची, बिनहाताची, वेताच्या बैठकीची. दोनशे वर्षांपूर्वीची, नदीपलीकडच्या हवेलीतली, बैठकसुद्धा मूळचीच, असं त्याने सांगितलं आणि समोरचं एक जोडपं माना डोलवायला लागलं. मी वाकून वास घेतला. वेताला चहाचा वास येत होता! नवा वेत चहात बुडवून जुना करतात, हे बाबांनी मला मी आठ वर्षांची असताना सांगितलं होतं. मी ते सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, आणि पुढची खोट दाखवायला दोरी ओलांडून खुर्ची उलटी केली.

पुढच्या आडव्या लाकडाखाली, डाव्या कोपऱ्यात, बाबांची गाठ होती.

बाबांचा अंगठा माझ्या लग्नानंतर दोन वर्षांनी दुकानाच्या लोखंडी दारात चेचला. त्यानंतर त्यांना शेवटची गाठ सरळ ओढता यायची नाही. ते वेताची पट्टी मनगटाने दाबायचे आणि गाठ आडवी पडून एक शेपूट वर राहायचं. दोन धड अंगठे असलेला कुठलाच माणूस अशी गाठ बांधणार नाही, बांधायचं कारणच नाही. आणि खुर्चीची घडण मी ओळखते. नाक्यावरच्या प्रतीक्षागृहाच्या त्या चाळीस खुर्च्या बाबांनी विणल्या आणि एक स्वतःला ठेवून घेतली. पण ते काम अंगठा धड असतानाचं. नंतर फिरून विणलेली त्यांतली एकच, त्यांची स्वतःची. हे मी तपासनीस म्हणून लिहिते आहे, यात चूक काढून दाखव.

म्हणजे तू बाबांची खुर्ची विकलीस. आणि ती ठणठणीत आहे असं मला लिहिलंस. पुलापलीकडे जाऊ नकोस हेही त्यासाठीच लिहिलंस. त्या मखमली कोटाने आपल्या बापाला चहात बुडवून दोरीमागे बसवलं, ते तुझ्यामुळे. मी ती खुर्ची घरी आणली आहे. काय दिलं ते विचारू नकोस. नऊ वर्षांपूर्वी दुकान बंद केलं ते बरंच झालं. चालू ठेवलं असतं तर तू बाबांचं नावही विकलं असतंस.

या उन्हाळ्यात तू माझ्याकडे यायचं ठरलं होतं, ते रद्द समज.

ताई

•

ता. १८ फेब्रुवारी

प्रिय धाकटीस,
स. न. वि. वि.

मी तुझ्या ताईची मैत्रीण. मला तुम्ही नकाशाबाई म्हणता हे मला ठाऊक आहे, वाईट वाटत नाही. ताईने तुला काल पत्र टाकलं, ते टाकायला मीच तिच्याबरोबर गेले होते. पेटीत टाकताना तिने ते असं ढकललं की मला पेटीची दया आली. त्यावरून आत काय असेल ते समजलं. तिने जे लिहिलं नसणार ते मी लिहिते.

दुपारी दोनपर्यंत ती गावातल्या प्रत्येक गोष्टीला नाकं मुरडत होती आणि मला सांगायला हरकत नाही, तिचा दिवस फार मजेत चालला होता. मग तिने ती खुर्ची उलटी केली. दुकानदार ओरडत होता, तिला ऐकूच येत नव्हतं. ती फरशीवर गुडघे टेकून बसली. पूल चढताना ज्या गुडघ्यांबद्दल तिने मला तासभर ऐकवलं होतं, तेच गुडघे. बैठकीखाली हात घालून ती कितीतरी वेळ एकाच जागी बोट फिरवत राहिली. चल म्हटलं तर लहान मुलीसारखी माझ्याकडे बघून म्हणाली की हे बाबा आहेत.

बसच्या थांब्यावर रांगेत ती त्या खुर्चीवर बसून होती. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी थोडं टेकू का म्हणून विचारलं तर त्यांना असं काही बोलली की ते पुढच्या थांब्यावर चालत गेले. बसमध्ये खुर्ची मांडीवर घेतली, एक हात शेवटपर्यंत तिच्याखाली. डोळ्यांना खिडकीचा वारा लागतोय म्हणाली. खिडकी माझ्या बाजूला होती आणि बंद होती.

तू खुर्ची विकलीस की नाही, मला माहीत नाही. विकली असशील तर अडचण असेल, तसं लिही. विकली नसशील तर लवकर लिही, कारण ती दोन दिवस नीट जेवलेली नाही आणि मला माझ्या होकायंत्रावरून बोलणंही तिने थांबवलंय. हे लक्षण बरं नाही. मी लिहिल्याचं तिला कळू देऊ नकोस.

ओळख थोडी आहे, ती आता वाढू दे.

तुझ्या ताईची मैत्रीण

•

ता. २२ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मी बाबांच्या खुर्चीत बसून लिहिते आहे. माझ्या घरात, खिडकीपासून दोन हात लांब, उन्हात नाही, ओल्या भिंतीपाशीही नाही. विश्वास नसेल तर बस पकडून ये आणि उलटी करून बघ. तुझ्या तपासणीत चूक काढून दाखव म्हणालीस. सगळं बरोबर आहे, एकच गोष्ट तुझ्या डोक्यात आली नाही. ती गाठ मला येत असेल, ही.

तू घरी नेलीस ती खुर्ची मी विणली. गेल्या थंडीत. प्रतीक्षागृह पाडलं तेव्हा त्या चाळीसांतल्या अकरा चौकटी मोडक्या बैठकांसकट मागच्या शेडमध्ये पडून होत्या, त्या मी उचलून आणल्या. टोच्या आणि खुंट्या भंगारात गेल्याच नाहीत. तुला गेल्या म्हणून सांगितलं, कारण तुझ्याशी वाद घालायची तेव्हा माझ्यात ताकद नव्हती. बाबांना जाऊन आठ दिवस झाले होते आणि तू उंबऱ्यात उभी राहून यादी करत होतीस. नऊ वर्षं मी दुपारी लोळत नाही, विणते. चिरा साबणाने पडत नाहीत, ओल्या वेताने पडतात. हे तर तुला चिरांबद्दलचं माझं पहिलं वाक्य वाचूनच कळायला हवं होतं, तुझ्याही बोटांना होत्या.

चहाचं पाणी माझं, कबूल. दोनशे वर्षं, हवेली आणि मखमली कोट त्याचं. मी त्याला खुर्च्या नव्याने विणलेल्या आहेत असंच सांगते. तो त्यांना आजोबा-पणजोबा जोडतो आणि तुझ्यासारखी शहाणी माणसं त्या घेऊन जातात. तुला पूल ओलांडू नकोस म्हणाले, कारण तू माझं काम बघशील आणि फुली मारशील, याची मला भीती वाटत होती. बापाला विकलं असं म्हणशील, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

आता आणखी एक ऐक, तू मला पत्रातून घराबाहेर काढलंच आहेस तर ऐकूनच घे. शेवटची दोन वर्षं बाबांना जवळजवळ दिसत नव्हतं. तुला कळू द्यायचं नाही असं त्यांनीच बजावलं होतं, तू लगेच येऊन दुकानाला कुलूप लावलं असतंस म्हणून. त्या दोन वर्षांत दुकानातून गेलेली प्रत्येक बैठक मी विणली आणि प्रत्येक शेवटची गाठ मी बांधली. त्यांच्या समोर बसून शिकले, त्यांनी मनगटाने दाबलं तसं मीही दाबलं. गाठ अशीच असते असं मला वाटायचं. मोडक्या अंगठ्यामुळे ती आडवी पडते, हे मला आज तुझ्या पत्रातून कळलं. हसायचं असेल तर हस.

बाबांच्या स्वतःच्या खुर्चीची बैठकही त्यांच्या शेवटच्या वर्षी खचली होती. ती मी विणली. दर उन्हाळ्यात तू आलीस की बॅग ठेवायच्या आधी त्या खुर्चीखाली हात घालतेस आणि मग स्वयंपाकघरात येऊन मला सांगतेस की असा हात पुन्हा होणे नाही. नऊ वर्षं मी हे ऐकून घेते आहे. तो हात तुझ्यासाठी चहा गाळत असायचा, ताई.

दुकानदाराने उरलेल्या सगळ्या चौकटींचं काम मागितलंय. ग्रंथालय सोडावं लागेल. सोडू की नको, हे तुला विचारायचं ठरवलं होतं, उन्हाळ्यात, समोरासमोर. ते तर तू रद्दच केलंस.

माझ्यावर लोभ नसला तर नसू दे, खुर्चीवर असू दे. तीही माझीच आहे.

तुझी
धाकटी

•

ता. १ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ. आणि मागच्या पत्रातले राहिलेलेही याच्यातच धर.

तुझं पत्र आलं त्याला चार दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, कारण मी काम करत होते. खुर्ची जेवणाच्या टेबलावर उलटी ठेवली, चष्मा पुसला, गिरणीतला लाल खडू कपाटात अजून होता तो काढला, आणि दोन दुपारी एकेक पट्टी बघितली. नकाशाबाई शेजारी बसून मला भिंग देत होती आणि मध्येमध्ये उसासे टाकत होती. तिला मी सांगितलं की उसाशाने वेत ओला होतो.

तो मखमली कोट लबाड आहे. त्याला उरलेल्या चौकटींचं काम द्यायचं असेल तर पाटीवर तुझं काम म्हणून लिहायला सांग, दोनशे वर्षं खोडायला लाव. नाही ऐकलं तर मी पुन्हा जाईन, आणि या वेळी शनिवारी गर्दीच्या वेळेला जाईन. चहा बंद कर. तुझ्या विणकामाला म्हातारं करायची गरज नाही. ग्रंथालय सोड. तसंही तुझ्या अक्षरातली नोंद वाचून कुणाला पुस्तक सापडत असेल असं मला वाटत नाही.

बाबांना दिसत नव्हतं हे मला माहीत नव्हतं. मी वर्षातून दोनदा येत होते आणि मला दिसलं नाही. हे लिहायला मला तीन दिवस लागले. तुला हात नाही असं मी बाबांच्या देखत, तुझ्या देखत, पाहुण्यांच्या देखत बोलले, आणि ते ऐकून बाबा गप्प बसायचे ते माझ्या धाकाने, हे आता समजतंय. माझं चुकलं. यापुढे दुसऱ्यांदा लिहिणार नाही, म्हणून हे पान जपून ठेव.

गाठीबद्दल. तुला दोन्ही अंगठे धड आहेत. सरळ गाठ तुला एका सकाळीत येईल आणि प्रत्येक बैठकीमागे तुझा वेळ वाचेल. बाबांनी ती मला शिकवली होती, मी तुला शिकवायला हवी होती. मी शिकवणार होते, उन्हाळ्यात तू आलीस की, असं परवापर्यंत ठरवलंही होतं. पण आता शिकवणार नाही. बाबांचा तो अंगठा जगात एवढ्या एकाच जागी शिल्लक आहे. ती तशीच बांधत जा. ही विनंती नाही, तपासनिसाचा हुकूम आहे.

रद्द केलेलं रद्द. उन्हाळ्यात ये. येताना वेत घेऊन ये, माझ्या मागच्या खोलीतल्या दोन खुर्च्या फाटल्या आहेत आणि त्या मी दुसऱ्या कुणाच्या हातात देणार नाही. बुटाच्या नाड्याही आण, काळ्या, लांब. त्या गावाने मला नाड्या सोडून सगळं दिलं.

तपासणी काल संध्याकाळी संपली. खडू परत कपाटात ठेवला. खुर्चीखाली मी काहीही लिहिलेलं नाही.

तुझी
ताई